शबनूरचा 'स'

कोल्हापूरजवळच्या उचगावातल्या एका प्राथमिक शाळेत संयोगिता साळोखे नावाच्या बाई वर्षानुवर्षं पहिलीचा वर्ग घेत होत्या. अंगानं किरकोळ, केसांचा घट्ट अंबाडा, चालणं भरभर. आवाज मात्र खणखणीत. त्यांनी वर्गात प्रश्न विचारला की पलीकडं खिचडी ढवळणारी बायडाबाई चुलीपासूनच पोरांच्या आधी उत्तर द्यायची, आणि सगळा वर्ग हसायचा.

पण बाईंचं नाव झालं होतं ते आवाजामुळं नाही, कानामुळं.

लहान मूल वाचायला लागण्याआधी त्याला बोललेल्या शब्दातले आवाज सुटे करून ऐकता यावे लागतात, ही गोष्ट त्या भागातल्या शाळांत पहिल्यांदा बाईंनी आणली. गारगोटीला एका शिबिरात त्या हे शिकून आल्या होत्या. तपासणी अगदी साधी. पाटी नाही, पुस्तक नाही. मुलाला जवळ बसवायचं आणि विचारायचं, "ससा म्हण बघू. पहिला आवाज कुठला?" मूल म्हणणार, "स." "आता समई म्हण. त्यातला स काढून टाकला तर काय उरलं?" "मई." "बादली म्हण. जितके तुकडे, तितक्या टाळ्या वाजव." ज्याला हे जमतं त्याला अक्षरं लवकर सापडतात. ज्याला जमत नाही त्याच्याबरोबर आधी गाणी, खेळ, यमकं घ्यायची, त्याचा कान तयार करायचा आणि मगच अक्षराला हात घालायचा.

बाईंना यात गती होती. एखादं पोर 'र'च्या जागी 'ल' म्हणतंय ते जिभेमुळं की कानामुळं, हे त्या दोन-चार शब्दांत ओळखायच्या. हळूहळू आजूबाजूच्या शाळांतून त्यांना बोलावणी यायला लागली. कुणी पोर अडलं की तिथल्या बाई म्हणायच्या, "एकदा साळोखेबाईंना दाखवूया." बाई जायच्या, पोराला मांडीशी घेऊन बसायच्या आणि सांगायच्या. त्यांनी सांगितलं की ते झालं. त्यावर पुन्हा कुणी तपासत बसत नसे.

तो कान कधी मंद व्हायला लागला ते त्यांना सांगता आलं नसतं. एकदम काही झालं नाही. कुकरची शिट्टी झाली की नाही यावरून घरात वाद व्हायला लागले. फोन वाजून वाजून बंद व्हायचा. नवरा विजयसिंह दूध संघात नोकरीला होता. मुळात शांत माणूस. बाई त्याच्यावर चिडायच्या, "अहो, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटता?"

"पुटपुटतोय कुठं? रोजच्यासारखंच बोलतोय की."

बाईंना ते पटायचं नाही. लोकच हल्ली पुसट बोलतात, मोबाइलमुळं माणसांची तोंडं उघडेनाशी झालीत, असं त्या म्हणायच्या. बोलणाऱ्याच्या ओठांकडं बघायची सवय त्यांना कधी लागली तेही त्यांना कळलं नाही. वर्गातली पोरं तर ओरडूनच बोलायची, त्यामुळं तिथं भागून जायचं.

खरं सांगायचं तर बाईंना संशय आला होता. फक्त त्या त्याच्याकडं बघत नव्हत्या. त्याला कारण होतं.

त्यांची आई चिमणाबाई चाळिशीतच बहिरी झाली होती. माहेर गारगोटीजवळच्या एका वाडीत. बाजारच्या दिवशी आई भाजीवाल्याला भलतंच उत्तर द्यायची आणि आसपासचे लोक मजा घ्यायचे. 'भैरी चिमणी' हे तिचं नावच पडलं होतं. लहान संयोगिता बाजारात आईच्या पुढं चार पावलं चालायची, आपण हिच्याबरोबर नाही असं दाखवत. एकदा आई तिच्या शाळेत आली. मोठ्या बाईंनी विचारलं, "पोरगी अभ्यास करती का घरी?" आई हसून म्हणाली, "व्हय, दोन म्हशी हाईत." सगळा वर्ग हसत सुटला. घरी आल्यावर संयोगिता आईवर खेकसली, "पुन्हा शाळेत यायचं न्हाय." ते मात्र आईला पहिल्या झटक्यात ऐकू गेलं. ती पुन्हा कधी आली नाही; संयोगिता डीएडला पहिली आली तेव्हासुद्धा नाही. आता आई राहिली नव्हती. आणि आपण आईसारख्या होत चाललोय, हे मान्य करायची बाईंची हिंमत नव्हती.

अशात त्यांच्या वर्गात शबनूर आली.

शबनूरचा बाप दिलदार भाजीचा टेम्पो चालवायचा, आई घरी शिवणकाम करायची. पोरगी सहा वर्षांची, डोळे मोठे, अंगानं काटक. समोरचे दुधाचे दात नुकतेच पडले होते. पोरांनी तिला 'बोळकी' म्हणून चिडवलं, तेव्हापासून बोलताना ती तोंडावर पंजा धरायची. आवाज आधीच बारीक, त्यात तो पंज्याआडून यायचा.

शाळा सुरू होऊन पोरं रुळल्यावर बाईंनी नेहमीप्रमाणं एकेकाची तपासणी घेतली. डोक्यावर पंखा घरघरत होता, शेजारच्या वर्गात पाढे चालले होते. शबनूर समोर बसली. टाळ्यांचा खेळ तिनं झटक्यात केला. बादली, आगगाडी, मांजर, सगळ्याचे तुकडे अचूक. बाई खूश झाल्या.

"आता ससा म्हण. पहिला आवाज कुठला?"

पंज्याआडून काहीतरी आलं. बाईंना ऐकू आला तो नुसता 'अ'.

"काय? पुन्हा सांग."

पुन्हा तेच. 'अ'.

"मोठ्यानं सांग की गं! खडू. खडूचा पहिला आवाज?"

पुन्हा 'अ'. फणसाचाही 'अ', शेपटीचा 'ए'. बाईंचा आवाज चढत गेला तशी पोरगी आत आत जात गेली आणि शेवटी गप्पच झाली. बाईंनी तिच्या नावापुढं लिहिलं, आवाज ओळखत नाही.

टाळ्या सगळ्या बरोबर आणि आवाज सगळे चूक, असं मूल त्यांनी आजवर बघितलं नव्हतं. पूर्वीच्या साळोखेबाई असत्या तर तिथंच थांबल्या असत्या. हे असं कसं, म्हणून पोरीला अंगणात नेऊन, खेळता खेळता पुन्हा विचारलं असतं. पण पुन्हा ऐकायची वेळ येऊ नये असं बाईंना आतून वाटत होतं. त्यांनी तिच्या आईबापांना बोलावून घेतलं.

"दिलदारभाई, राग मानू नका," बाई व्हरांड्यात उभ्या राहून म्हणाल्या. "मला वाटतंय, हिला ऐकायला कमी येत असावं. एकदा कान तपासून आणा."

दिलदार गोंधळला. "घरात तर सगळं ऐकती की ओ, बाई. पलीकडच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला तरी पळत येती."

"पुडा वेगळा, शब्द वेगळा."

शबनूरची आई पदर सारखा करत हळूच म्हणाली, "मग घरात मी काय करू?"

बाईंना ते नीट ऐकू आलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून प्रश्न कळला. "रोज घेऊन बसा. शब्द सांगायचा, पहिला आवाज विचारायचा. चुकली की पुन्हा. सोडायचं नाही."

हे बोलणं व्हरांड्यातल्या पोरांनी ऐकलं. मधल्या सुट्टीपर्यंत शबनूरचं नाव 'भैरी' झालं होतं. बाईंच्या कानावर ते आलं तेव्हा त्या पोरांवर अशा काही कडाडल्या की पोरं भेदरून गेली. एका शब्दावरून बाईंचा असला संताप त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण शबनूरला कच्च्या पोरांच्या मागच्या गटात बसवलं होतं ते बाईंनी बदललं नाही.

पुढच्या आठवड्यात दिलदार परत आला. सरकारी दवाखान्यात जाऊन आला होता. त्यासाठी दिवसभराचा टेम्पो बंद ठेवला होता, त्यामुळं वैतागलेला होता. फाटकातूनच बोलत आला.

"बाई, मशीन लावून बघितलं डॉक्टरनं. दोन्ही कान एक नंबर हाईत. त्यो म्हनला, कुनी सांगितलं तुमाला हिला ऐकू येत न्हाय म्हनून?"

आजूबाजूला माणसं होती. बाईंनी इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाल्या, "कान चांगले असले म्हणजे झालं असं नसतं, दिलदारभाई. ऐकणं वेगळं आणि ऐकलेलं सुटं करून ओळखणं वेगळं. ते मशीनवर कळत नाही."

वाक्य खरं होतं. शिबिरात त्या स्वतः हेच शिकल्या होत्या. पण त्या दिवशी त्यांनी ते वाक्य पुढं धरलं आणि त्याच्यामागं लपल्या. आपण लपतोय हे त्यांना बोलतानाच कळत होतं.

दिलदारनं खांदे पाडले. "तुम्ही शिकलेली मानसं. तुम्ही म्हनशीला ते खरं," म्हणाला आणि गेला.

मुख्याध्यापक पिराजी खोत हे सगळं खिडकीतून ऐकत होते. भांडण वाढू नये असं वाटणारा माणूस. त्यांनी दुसरीच्या वर्गावरच्या निशिगंधाला बोलावलं. ती नुकतीच नोकरीला लागलेली, बाईंच्या हाताखाली तयार झालेली मुलगी. खोतसर म्हणाले, "तू एकदा घे तिची तपासणी. बाईपण बसतील शेजारी. पालकाचं समाधान होऊ दे."

निशिगंधा जमिनीवर मांडी घालून बसली. शबनूर तिच्यासमोर. बाई बाजूला खुर्चीवर. खोतसर दारात उभे.

"ससा. पहिला आवाज?"

शबनूरनं पंजा तोंडावर नेला.

"शाब्बास!" निशिगंधा म्हणाली. "खडू?" आणि लगेच, "शाब्बास गं! फणस? व्वा! आता समई. त्यातला स काढ. काय उरलं? बरोबर!"

बाई पोरीकडं बघत राहिल्या. त्यांना ऐकू येत होतं ते पंख्याची घरघर, निशिगंधाचे शब्द आणि मध्ये मध्ये एक पुसट 'अ'. पोरीला बरं वाटावं म्हणून निशिगंधा उगाच शाब्बास म्हणतेय, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग त्यांची नजर दाराकडं गेली. खोतसर त्यांच्यापेक्षा कितीतरी लांब उभे होते आणि प्रत्येक उत्तराला मान हलवत होते.

पोरगी पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होती. 'स' तिनं म्हटला होता. तो त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.

तपासणी संपली. खोतसर आत येत म्हणाले, "पैकीच्या पैकी! बघा साळोखेबाई, तुमच्या सरावाचा गुण हा. एवढ्या थोड्या दिवसांत पोरगी कुठल्या कुठं गेली."

तोंड उघडून 'नाही सर' म्हणायचं, एवढंच होतं. बाई म्हणाल्या, "घरीपण करून घेतलं त्यांनी."

निशिगंधानं कौतुकानं त्यांच्याकडं बघितलं. बाईंनी पर्स उचलली आणि डोकं दुखतंय म्हणून घरी गेल्या.

त्यानंतर शबनूर पुढच्या गटात आली. पण पोरांच्या तोंडातलं 'भैरी' गेलं नाही, आणि बाई तिच्याकडं सरळ बघेनाशा झाल्या. इकडं खोतसरांनी हौसेनं ही गोष्ट बाहेर सांगितली, आणि गारगोटीहून निरोप आला, शिक्षकांची बैठक आहे, साळोखेबाईंनी त्या मुलीची प्रगती सगळ्यांना सांगावी. बाईंनी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा खोतसरच म्हणाले, "शाळेचं नाव होतंय बाई, न्हाय म्हणू नका."

त्या गेल्या. बोलल्याही. मुलीचं नाव घेतलं नाही, पण टाळ्या जमत होत्या आणि आवाज जमत नव्हते इथपासून सगळं सांगितलं. गाणी, यमकं, घरचा सराव. प्रत्येक वाक्याला त्यांची जीभ जड होत होती, तरी बोलत राहिल्या. सभागृहात टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतला राजवीर नावाचा एक तरुण शिक्षक उठला आणि त्यानं काहीतरी विचारलं. त्यानं विचारलं होतं, "बाई, तिला सगळ्यात अवघड काय गेलं?"

बाईंच्या कानात पडलं ते 'घर' आणि 'गेलं'. त्या हसून म्हणाल्या, "हो, घर शाळेपासून जवळच आहे."

कुठंतरी एक हसू फुटलं आणि दाबलं गेलं. राजवीर भला पोरगा. "बरं बरं, धन्यवाद बाई," म्हणून खाली बसला. त्याच्या त्या भलेपणानं बाईंना जास्त लागलं. त्यांना आईचा हसरा चेहरा दिसला, भलतं उत्तर देऊन, आपण बरोबर बोललो या समाधानात उभा असलेला. आईच्या पुढं चार पावलं चालणारी पोरगीही दिसली. जेवणाला न थांबता त्या एसटी स्टँडवर आल्या.

दोन दिवसांनी रजा टाकून त्या कोल्हापुरात कानाच्या एका दवाखान्यात गेल्या. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून डोक्यावरून पदर घेतला होता. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावला आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. बाई बराच वेळ बटणावर बोट ठेवून बसल्या. काचेपलीकडून तपासणारी मुलगी त्यांच्याकडं बघत होती. ती वाट बघतेय, म्हणजे आवाज सुरू असणार, हे त्यांना कळत होतं. तपासणारी काय शोधते ते त्यांना पाठ होतं. बटण दाबून फसवता आलं असतं. त्यांनी दाबलं नाही.

"मॅडम, जाड आवाज तुम्हाला बरे येतात," ती मुलगी नंतर समोर बसून म्हणाली. ती त्यांच्याकडं तोंड करून, सावकाश बोलत होती. "बारीक आवाज निसटतात. स, श, फ, ख. लहान मुलांचं बोलणं तर फारच निसटत असेल. बरीच वर्षं झाली असणार याला. आधी का नाही आलात? घरात कुणाला होतं का?"

बाई म्हणाल्या, "आईला." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांना धार लागली. त्या मुलीला वाटलं, बहिरेपणाचं दुःख झालं. तिनं पाण्याचा ग्लास पुढं केला, हल्ली कानात घालायची किती बारीक मशीन मिळतात ते सांगितलं. बाई मनात त्या 'बरीच वर्षं' या शब्दांपाशी अडकल्या होत्या. बरीच वर्षं म्हणजे किती पोरं? कुठल्या कुठल्या शाळा?

घरी येऊन त्या विजयसिंहला म्हणाल्या, "मला कमी ऐकू येतं."

"मला म्हाईत हाय."

"मग कधी बोललात का नाही?"

"बोललो असतो तर तू ऐकलं असतंस व्हय?"



मशीन मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी, शाळा सुटल्यावर त्या शबनूरच्या घरी गेल्या. पहिल्यांदाच जात होत्या. दारात पोचल्या तर आतून शिलाई मशीनचा खडखड आवाज येत होता. नव्या यंत्रातून तो कानात खिळे ठोकल्यासारखा वाजला. बाईंना बघून आवाज थांबला. शबनूरची आई लगबगीनं उठली, खुर्चीवरचे कपडे बाजूला केले. "बसा की बाई." दिलदार मोरीवर पाय धूत होता, तोही आला. शबनूर आईच्या मागं गेली.

बाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "शबनूर पहिल्यापासून बरोबर सांगत होती. मलाच ऐकू येत नव्हतं. माझे कान गेलेत. हिच्यात काही कमी नव्हतं."

त्यांनी कानावरचे केस बाजूला करून कानातलं मशीन दाखवलं. सांगायचं ठरवून आल्या होत्या, पण दाखवायचं ठरवलं नव्हतं. हात आपोआप गेला.

शबनूरची आई खाली बघत राहिली. मग म्हणाली, "मी मारलं हो हिला."

बाईंना वाटलं, आपण पुन्हा चुकीचं ऐकलं. पण या वेळी सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"तुम्ही सांगितलं तसं रोज घेऊन बसायची. ससा म्हटलं की ती स म्हणायची. मला बरोबर वाटायचं. पण मनात म्हणायची, बाई चूक म्हणत्यात म्हणजे चूकच असंल, आपल्याला काय कळतंय? मी पुन्हा विचारायची, ती पुन्हा तेच सांगायची. मग हात उठायचा. नंतर नंतर ती कायबी सांगायला लागली. स म्हटलं की मार बसतोय म्हणून माझ्यापुढं दुसरंच कायतरी सांगायची."

बाई भिंतीला टेकल्या.

दिलदारचा आवाज चढला. "दवाखान्यात दिवसभर उभी केली पोरगी. गल्लीत भैरी म्हनून नाव पडलं. आनि कान चांगलं हाईत म्हनून मी सांगाय आलो तवा तुम्ही मलाच शिकवलासा. तवा म्हाईत होतं का तुमाला?"

"संशय होता," बाई म्हणाल्या. "निशिगंधाबाईंनी तपासलं त्या दिवशी नक्की कळलं. तरी मी गप्प राहिले."

"आनि गारगोटीला जाऊन भाषान केलासा म्हनं हिच्यावर."

"केलं."

दिलदारनं दोरीवरचा टॉवेल ओढला आणि तोंड पुसत बाहेर जाऊन उभा राहिला.

आईच्या मागून शबनूर थोडी पुढं आली. तिचे नवे दात अर्धे वर आले होते, पण पंजा अजून तोंडावरच होता. "मग मी भैरी न्हाय?"

"न्हाय गं," बाई म्हणाल्या. "मी हाय."

शबनूरनं त्या मशीनकडं बघितलं. "मग तुमाला कुनी मारलं?"

"कुनी न्हाय."

पोरीला ते पटल्यासारखं दिसलं नाही. चहा घेऊन जा म्हणून शबनूरची आई म्हणाली, पण चुलीकडं वळली नाही. बाई निघाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या खोतसरांपुढं जाऊन बसल्या. खोतसरांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं. "बाई, पोरीचं आता चांगलं चाललंय. तुम्ही मशीन घातलंय. सांगून काय मिळणार हाय? उगाच शाळेचंपन नाव खराब. जुनी पोरं कधीच पुढं गेली."

"म्हणूनच सांगायला पाहिजे, सर."

वर्गात त्यांनी पोरांना सांगितलं. बाईंना ऐकू येत नव्हतं, म्हणून बाईंनी शबनूरला चूक म्हटलं, चूक बाईंची होती. पोरांनी मशीन बघायला गर्दी केली. एकानं विचारलं, "ह्याच्यात गाणी लागत्यात व्हय?" शबनूर जाग्यावरून उठली नाही.

मग त्या शाळाशाळांतून फिरल्या. निशिगंधाला बरोबर घेतलं. ती पोरांची पुन्हा तपासणी घ्यायची आणि बाई शेजारी बसायच्या. पण त्याआधी प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांपुढं उभं राहून तेच सांगावं लागायचं. काही जण म्हणायचे, केवढं मोठं मन तुमचं. ते शब्द बाईंना सोसायचे नाहीत. त्या लगेच विषय बदलायच्या. एका शाळेतल्या बाईंनी मात्र ऐकून घेतलं आणि तोंडावर म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर आम्ही एका पोराला वर्षभर वाचनाला बसवलंच नाही." साळोखेबाई म्हणाल्या, "हो." त्या बोलण्याचा त्यांना राग आला नाही. उलट तेवढंच काय ते खरं ऐकल्यासारखं वाटलं. पुन्हा तपासलेल्या पोरांत काही जण खरोखर कच्चे होते. काही अजिबात नव्हते.

शबनूर पुढच्या वर्षी निशिगंधाच्या वर्गात गेली. चांगलं वाचायला लागली. फळ्यावरचं वाचायला सांगितलं की पहिली उभी राहायची. पण साळोखेबाई समोरून आल्या की हात तोंडावर जायचा आणि नजर खाली. बाईंनी तिला कधी थांबवलं नाही. आई फाटकाशी भेटायची, हसून नमस्कार करायची. दिलदार करायचा नाही.

सगळ्या पोरांत एक पोरगी सापडत नव्हती. अनुजा नावाची. बाईंनी तिला कच्चं ठरवलं होतं आणि बापाला सांगितलं होतं, हिला आणखी एक वर्ष बालवाडीतच ठेवा. नंतर ते कुटुंब गाव सोडून गेलं होतं. चौकशी करता करता कळलं की बाप वारणानगरला कामाला लागलाय आणि ते कामगारांच्या वसाहतीत राहतात. एका सुट्टीच्या दिवशी बाई एसटीनं तिकडं गेल्या. या वेळी एकट्याच.

वसाहतीत विचारत विचारत त्या घराशी आल्या. आई ओट्यावर धुणं वाळत घालत होती. तिनं बाईंना ओळखलं नाही. सांगितल्यावर आठवलं. "व्हय व्हय, तुम्ही आल्ता नव्हं तपासायला. बसा की." बाईंनी पुन्हा सगळं सांगितलं, उभ्यानंच. अनुजाच्या आईनं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "वर्ष गेलं तिचं, ते खरं. बरोबरीच्या पोरी पुढच्या वर्गात गेल्या तवा लई रडली. पण आता काय न्हाय तसं." आणि तिनं हाक मारली, "अनु, ये गं. बघ कोन आलंय."

दोरीवरच्या उड्या सोडून एक उंचेली पोरगी पळत आली. धापा टाकत उभी राहिली. आईनं विचारलं, "ह्या बाई वळखल्यास का?"

अनुजानं बाईंकडं नीट बघितलं. चेहरा, साडी, कानातलं मशीन. "न्हाय," म्हणाली, आणि उड्या मारायला परत गेली.

बाईंना वाटलं होतं, पोरगी ठीक आहे हे बघितल्यावर बरं वाटेल. ती ठीक होती. बरं वाटलं नाही. एक वर्ष हिरावून घेणाऱ्या माणसाचा चेहरासुद्धा तिला आठवत नव्हता. आता तिच्यापुढं चूक कबूल करायची तरी कशी? दोरी जमिनीवर आपटत होती, पोरी मोजत होत्या आणि त्यांचा प्रत्येक शब्द बाईंना ऐकू येत होता. अनुजाच्या आईनं पाण्याचा तांब्या आणून दिला. बाई पाणी प्यायल्या, येते म्हणाल्या आणि कोल्हापूरची गाडी धरायला निघाल्या.